साठीनंतरचा वस्तुचित्राचा पेपर

(मंडळाच्या निधिसंकलनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आधी बटाटेवडा, मग चहा आणि मग भाषण, असा क्रम ज्यांनी लावला त्यांना आपल्या मंडळींची चांगली पारख आहे. भरल्या पोटी माणूस ऐकूनही घेतो आणि पाकीटही उघडतो! मी काही वक्ता नाही. आयुष्यभर आकडेमोड केलेली बाई आहे. पण हॉलच्या मागच्या भिंतीवर लावलेली चोवीस चित्रं माझी आहेत आणि आज ती मंडळाच्या निधीसाठी विकायची आहेत, म्हणून कार्यकारिणीने मला इथे उभं केलं आहे.

दुपारपासून चित्रं बघताना बऱ्याच जणांनी मला तीन प्रश्न विचारले. पहिला, तुम्ही कधीपासून चित्रं काढता? दुसरा, सगळ्या इमारतीच का? एखादा गणपती नाही, फुलदाणी नाही, कोकणातली होडी नाही! आणि तिसरा प्रश्न लोकांनी जरा आवाज खाली आणून विचारला, की या रेषा अशा लहरत्या मुद्दाम काढल्या आहेत का? या तीन प्रश्नांची उत्तरं दिली की माझं भाषण संपलं.

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण त्याची उत्तरं दोन आहेत. एक, वयाच्या बाराव्या वर्षापासून. दोन, वयाच्या साठाव्या वर्षापासून. मधली पंचेचाळीस वर्षं कोरी.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. शाळेत चित्रकलेच्या सरांनी एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षांना बसवलं. तुमच्यापैकी अनेकांनी त्या दिल्या असतील. आठवतंय ना? बगलेत ड्रॉइंग बोर्ड, कॅम्लिनची रंगपेटी, पाण्यासाठी घरातला जुना पेला आणि परीक्षेच्या वर्गात मधोमध स्टुलावर मांडलेली बादली, तांब्या आणि एखादं वांगं किंवा कांदा. तो वस्तुचित्राचा पेपर. दुसरा स्मरणचित्राचा. त्यात 'बाजाराचे दृश्य', 'बसथांब्यावरील रांग' असे विषय यायचे आणि समोर काही नसताना आठवून काढायचं. शिवाय संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. मला स्मरणचित्र फार आवडायचं, कारण त्यात मनाचं चालायचं. वस्तुचित्राचा कंटाळा यायचा. तांब्याची एक बाजू दुसऱ्या बाजूसारखी कधी यायचीच नाही. सर म्हणायचे, कागदाकडे कमी बघ, तांब्याकडे जास्त बघ.

पुढे बी.कॉम., दोन वर्षं नोकरी, लग्न आणि १९८४ साली शिकागो. चित्रकला कुणी बंद करायला लावली नाही, हे मुद्दाम सांगते. सासरी कुणी रंगपेटी फेकून दिली नाही, की आमच्या ह्यांनी कधी नाक मुरडलं नाही. मुलं, नोकरी, घराचे हप्ते, भारतात पाठवायचे पैसे, दर दोन-तीन वर्षांनी तिकिटं, असं एकामागून एक येत गेलं आणि दिवसाला चोविसाच्या वर पंचविसावा तास काही मिळाला नाही. गणपतीच्या मखराला रंग द्यायचा असला, दिवाळीत हॉलच्या दारात रांगोळी काढायची असली, की मंडळ मला फोन करायचं. तेवढंच. इथे बसलेल्या कितीतरी जणांच्या घरी बेसमेंटमध्ये अशीच एखादी पेटी, एखादी व्हायोलिन, एखादी कवितांची वही पडून असणार, मला खात्री आहे.

आता दुसरा प्रश्न. इमारतीच का?

२०१८ साली आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासासाठी पाडली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तिथे राहणाऱ्यांना स्वतंत्र संडास, लिफ्ट, बारा महिने पाणी मिळायला हवंच होतं. चाळीचं कौतुक करायला आपण साता समुद्रापार असतो. पावसात गळणाऱ्या छपराखाली टोपली आणि बादल्या मांडायला आपण तिथे नसतो. भावाने व्हॉट्सअॅपवर दोन फोटो पाठवले. एकात पत्र्याचं कुंपण, दुसऱ्यात नुसता राडारोडा.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले आणि ठरवलं, की आपण चाळ कागदावर काढायची. स्मरणचित्र! माझा आवडता पेपर. मुलीने नवे रंग आणून दिले, डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि बसले. मंडळी, मला चाळ काढता येईना. बावीस-तेवीस वर्षं ज्या घरात काढली, त्या घराच्या गॅलरीच्या कठड्याला उभे गज होते की फुलीची जाळी, ते आठवेना. जिन्याला मधे वळण होतं, पण वळणाआधी पायऱ्या किती? आमच्या दारावर झडप होती, ती काचेची की लाकडाची? भावाला फोन केला, तर तो म्हणाला काचेची. बहीण म्हणाली लाकडाची. आईच्या हातच्या आमटीचा वास येत होता, शेजारच्या काकूंचा आवाज ऐकू येत होता, पण कठडा काही दिसत नव्हता. प्रेम सगळं शाबूत होतं, तपशील गेला होता. आणि चित्र तपशिलावाचून उभं राहत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये गेले होते. निवृत्त माणसाला दुपारी अकरा वाजता म्युझियममध्ये जाता येतं, हे मला नव्यानेच कळलं होतं! तिथे एक अख्खा दिवाणखाना वाटावा असा भव्य दालनाचा भाग आहे. रंगीत नक्षीच्या भिंती, रंगीत काचांचं छत. हे शिकागोच्या जुन्या स्टॉक एक्स्चेंजचं सौद्यांचं दालन. लुई सलिव्हन आणि डँकमार अॅडलर या जोडीने १८९४ साली ती इमारत उभी केली आणि १९७२ साली ती पाडली गेली. दालनाचे भाग वाचवून म्युझियममध्ये पुन्हा जोडले आणि तिची दगडी कमान बाहेर बागेपाशी उभी केली. रिचर्ड निकेल नावाचे एक छायाचित्रकार होते. सलिव्हनच्या इमारती एकेक करून पडत होत्या, तेव्हा हा माणूस त्यांचे फोटो काढत राहिला, पाडकामातून नक्षीचे तुकडे गोळा करत राहिला. याच स्टॉक एक्स्चेंजच्या पडत्या इमारतीत तुकडे वाचवायला गेले असताना, एप्रिल १९७२ मध्ये, वरचा भाग कोसळून त्यांचा मृत्यू झाला.

मी त्या दालनात बराच वेळ बसून राहिले. एखादी इमारत कुणीतरी नीट बघितली, म्हणून तिचं निदान एवढं तरी उरलं. आमच्या चाळीला असा बघणारा कुणी मिळाला नाही. आता ते होणार नव्हतं. पण ज्या शहरात मी पस्तीस वर्षं काढली, ते शहर अजून समोर उभं होतं. त्याचं वस्तुचित्र काढता येणार होतं. समोर मांडलेला तांब्या होता. फक्त तो जरा मोठा होता, ११० मजली!

म्हणून इमारती. चाळ गेल्यावर माझ्या मनाने ठरवलं, की यापुढे समोर आहे तोवर बघायचं.

या शहराची गोष्ट इमारतींतून फार चांगली वाचता येते. ८ ऑक्टोबर १८७१ रोजी शिकागोला मोठी आग लागली. सतरा हजारांच्या वर इमारती जळाल्या, सुमारे तीनशे माणसं गेली, लाखभर लोक बेघर झाले. लाकडी शहर गेलं आणि त्या राखेवर नवीन तऱ्हेचं बांधकाम सुरू झालं. माझा नोकरीचा रोजचा रस्ता नेमका त्याच भागातून होता. उपनगरातून ट्रेनने युनियन स्टेशन, नदीवरचा पूल, मग अॅडम्स स्ट्रीटने चालत ऑफिस. घड्याळाकडे बघत चालणाऱ्या माणसाची मान वर होत नाही. निवृत्तीनंतर त्याच रस्त्याने मी घडीची खुर्ची घेऊन गेले आणि एकेका इमारतीसमोर बसू लागले.

लासाल आणि अॅडम्सच्या कोपऱ्यावर रूकरी बिल्डिंग आहे, बर्नहॅम आणि रूट यांनी १८८८ मध्ये पूर्ण केलेली. बाहेरून लालसर, जड, किल्ल्यासारखी. आत शिरलं की काचेच्या छताखाली उजेडाने भरलेला चौक. १९०५ साली फ्रँक लॉइड राइट यांनी त्या चौकाला पांढऱ्या संगमरवराचा, सोनेरी नक्षीचा नवा साज दिला. वाड्याचंही असंच असतं. बाहेरून बुलंद भिंत, आत चौकात ऊन. मी तिथला जिना काढला, तेव्हा पायऱ्या मोजल्या. आता कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन!

त्याच चौकात समोरच्या कोपऱ्यावर होम इन्शुरन्स बिल्डिंग होती, १८८५ सालची. विल्यम ल बॅरन जेनी यांनी भिंतींऐवजी लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर इमारतीचा बराचसा भार घेण्याचा प्रयोग तिथे केला. गगनचुंबी इमारतींचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण तिथून सुरुवात करतात. तीही १९३१ मध्ये पाडली. तिच्याबद्दल पुस्तकात वाचता येतं, खुर्ची टाकून समोर बसता येत नाही.

पण सगळ्यात जास्त वेळा मी काढली ती मोनॅडनॉक. मागच्या भिंतीवर तिची पाच चित्रं आहेत. जॅक्सन आणि डिअरबॉर्नच्या कोपऱ्यावरची ही सोळा मजली काळपट तपकिरी इमारत बघून पहिल्यांदा कुणी थांबणार नाही. नक्षी नाही, खांब नाहीत, काही नाही. पण तिची गंमत ऐका. तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१ चा. त्यात सगळं वजन विटांच्या भिंतींनी पेललं आहे, त्यामुळे तळाशी भिंत सहा फूट जाड आहे. खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून बघितलं तर बोगद्यातून बघितल्यासारखं वाटतं. दक्षिणेकडचा अर्धा भाग दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये झाला. तिथे पोलादी सांगाडा आला होता. वजन आत सांगाड्याने घेतलं आणि बाहेरची भिंत मोकळी झाली. आता भिंतीला वजन पेलायचं नव्हतं, म्हणून तिच्यात मोठ्या खिडक्या करता आल्या. शिकागोच्या उंच इमारतींमध्ये जी एवढी काच दिसते, तिचं मूळ या मोकळ्या भिंतीत आहे.

फूटपाथवर बसून ती इमारत काढताना मला वाटलं, हे आपल्या पिढीचंच चित्र आहे की! पस्तीस-चाळीस वर्षं आपण भार पेलणारी भिंत होतो. इथली मुलं, तिथले आईवडील, दोन्हीकडची लग्नं, दोन्हीकडची दुखणी. भिंत सहा फूट जाड करावीच लागते, तिला इलाज नसतो. पुढे कधीतरी तो भार दुसरीकडे जातो. मुलं आपल्या पायावर उभी राहतात, कर्ज फिटतं. मग त्या भिंतीत खिडकी करायला हरकत नसते. उशिरा चित्रकलेकडे वळणं म्हणजे माझ्या दृष्टीने एवढंच आहे. आता खिडकी परवडते.

उत्तरेला नदीकाठी गेलं, की पांढरीशुभ्र रिगली बिल्डिंग दिसते, १९२० च्या दशकातली. मी पहिल्यांदा ती काढली, तेव्हा एकच पांढरा ठेवला आणि चित्र मेलेलं दिसलं. नंतर कळलं, की तिच्या टेराकोटाच्या फरश्यांना सहा छटांचं चकचकीत लुकण दिलेलं आहे आणि वर जावं तसा पांढरा अधिक उजळ होत जातो. पांढऱ्यातही सहा पांढरे! रस्ता ओलांडला, की १९२५ चा ट्रिब्यून टॉवर. त्याच्या तळाच्या भिंतीत जगभरच्या प्रसिद्ध वास्तूंचे शंभरावर तुकडे बसवले आहेत. त्यात ताजमहालाचाही एक आहे. तो मी काढला, तेव्हा एक अमेरिकन आजीबाई माझ्या मागे उभं राहून म्हणाल्या, हा तुमच्याकडचा ना? मी म्हटलं, हो, आणि आता तुमच्याकडचाही!

पलीकडे मरीना सिटीचे ते दोन गोल मनोरे, बर्ट्रंड गोल्डबर्ग यांचे, १९६० च्या दशकातले. त्यांना सगळे मक्याची कणसं म्हणतात. खालचे एकोणीस मजले नुसते गाड्या ठेवायला. ड्रॉइंगच्या दृष्टीने तो छळ आहे. प्रत्येक सज्जा अर्धगोल आणि प्रत्येक सज्जाची वळणरेषा डोळ्यांच्या पातळीप्रमाणे बदलते. तांब्याचा काठ काढताना सर हेच शिकवायचे! काठ डोळ्याच्या पातळीला आला की सरळ रेघ, खाली गेला की लंबगोल. सरांचा तांब्या मला पन्नास वर्षांनी शिकागो नदीच्या काठावर भेटला.

आणि दोन उंच मनोऱ्यांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९६८ मध्ये पूर्ण उंचीला पोचलेलं हँकॉक सेंटर, शंभर मजली, ज्याच्या अंगावर भल्या मोठ्या फुल्या दिसतात. आणि १९७३ मध्ये पूर्ण उंचीला पोचलेला सिअर्स टॉवर, ११० मजली. २००९ पासून त्याचं नाव विलिस टॉवर आहे, पण आपण जसे अजून व्हीटी म्हणतो, तसे शिकागोकर अजून सिअर्सच म्हणतात. या दोन्ही मनोऱ्यांचे वास्तुरचनाकार ब्रूस ग्रॅहम आणि त्यांची रचना वाऱ्यापुढे टिकवणारे अभियंते फझलुर रहमान खान. खानसाहेबांचा जन्म १९२९ चा, आजच्या बांगलादेशातला. १९५२ मध्ये शिक्षणासाठी ते इलिनॉयला आले. हँकॉकच्या त्या फुल्या शोभेच्या नाहीत. वाऱ्याचा जोर त्या बाहेरच्या अंगाने जमिनीपर्यंत उतरवतात, म्हणून एवढ्या उंचीला लागलं असतं त्यापेक्षा पोलाद कमी लागलं. आजच्या प्रसंगी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. १९७१ मध्ये मायदेशी मुक्तियुद्ध चालू असताना हे खान इथे शिकागोत आपल्या लोकांसाठी मदत गोळा करण्याच्या कामात पुढे होते. दिवसा मनोरे, संध्याकाळी मदतीचं काम! सिअर्स टॉवरजवळच्या एका कोपऱ्याला त्यांचं नाव दिलेलं आहे. परदेशात राहून शहराला काही द्यावं आणि मागे राहिलेल्यांनाही विसरू नये, याचा एवढा उंच नमुना दुसरा सापडायचा नाही.

आता तिसरा प्रश्न. रेषा लहरत्या का?

मुद्दाम नाही, मंडळी. माझा उजवा हात थरथरतो. २०२१ मध्ये, म्हणजे चित्रांचं बस्तान जरा बसतंय असं वाटत असताना, चहाचा कप बशीवर वाजायला लागला. आधी पार्किन्सन्सची भीती वाटली. न्यूरॉलॉजिस्टने तपासून सांगितलं, की हा पार्किन्सन्स नाही, याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. हात मांडीवर ठेवला की शांत असतो. काही धरायला, लिहायला गेलं की थरथरतो. बऱ्याचदा घराण्यात असतो. औषधांनी कमी होतो, जात नाही आणि वर्षं सरतील तसा हळूहळू वाढू शकतो. माझ्या वडिलांची सही शेवटी शेवटी अशीच वाकडी व्हायची, ते तेव्हा मला आठवलं.

खरं सांगते, दोन महिने मी ब्रश उचलला नाही. पंचेचाळीस वर्षांनी हाताला काम मिळालं आणि हातच असा निघाला! त्यातून हौस कसली, तर इमारतींची. फुलाची पाकळी थरथरली तर चालते, पण सिअर्स टॉवर थरथरला तर भूकंपच!

कम्युनिटी कॉलेजमध्ये मी वॉटरकलरच्या वर्गाला जात होते. तिथल्या बाईंना एके दिवशी सांगून टाकलं, की मी वर्ग सोडते. त्यांनी माझी वही मागितली, मी थरथरत्या हाताने काढलेली एक मोनॅडनॉक बघितली आणि पट्टी घेऊन त्यावर उभी धरली. म्हणाल्या, तुझी रेघ हलते आहे, पण इमारत उभी आहे. सुरुवातीचा बिंदू बरोबर आहे, शेवटचा बिंदू बरोबर आहे. मधे हात कुठे कुठे फिरून आला, ते बघणाऱ्याला चालतं.

तेव्हापासून मी तशीच काढते. आधी दोन बिंदू ठरवायचे. कोपर टेकवायचं, बोटांनी न काढता खांद्यापासून हात फिरवायचा. जाड दांड्याचा ब्रश, जाड पेन. आणि रेघ ओढण्याआधी बघायचं, खूप वेळ बघायचं. हात पक्का असलेल्या माणसाला बघितल्याशिवाय काढायची चैन परवडते, मला नाही परवडत. ही थरथर मी अंगावर मिरवत नाही. ती नसती तर मला हवंच होतं. हा हात अजून किती वर्षं साथ देईल हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही, म्हणून मी आठवड्यातून तीन दिवस काढतेच. पाऊस असला तर आत बसून.

उशीर झाला असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी दोन नावं. रवींद्रनाथ टागोर साठी उलटल्यावर खऱ्या अर्थाने चित्रांकडे वळले. १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं आणि पुढच्या अकरा वर्षांच्या आयुष्यात ते काढत राहिले. दुसऱ्या इथल्याच, ग्रँडमा मोझेस. आयुष्यभर शेतात राबलेल्या बाई. सत्तरी ओलांडून ऐंशीकडे झुकल्यावर चित्रांना लागल्या, ऐंशीव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं आणि एकशेएक वर्षं जगल्या. आपण कुणी टागोर नाही, हे मला ठाऊक आहे. आमचे हे तर म्हणतात, मोझेसबाईंसारखं शेत तरी कुठे आहे आपल्याकडे? पण मोठ्यांची उदाहरणं बरोबरी करण्यासाठी नसतात, धीर येण्यासाठी असतात.

मघाशी दोघीतिघींनी विचारलं, की सुरुवात कशी करायची. चार गोष्टी सांगते. महागडं सामान घेऊ नका. एक लहान वही आणि एक पेन पुरे. महागड्या कागदावर हात उचलत नाही! दुसरं, पहिल्याच दिवशी अख्खी इमारत काढू नका. एक दार काढा, एक खिडकी काढा. मधे मोठी बंद काच आणि दोन्ही बाजूंना उघडणारी अरुंद तावदानं, ही शिकागो विंडो म्हणून जगात ओळखली जाते. ती काढा. तिसरं, थंडीचं कारण सांगू नका. शिकागो कल्चरल सेंटर, १८९७ साली सार्वजनिक वाचनालय म्हणून बांधलेलं, आत जायला पैसे पडत नाहीत आणि आत ३८ फूट व्यासाचा टिफनीच्या काचेचा घुमट आहे. जानेवारीत त्याच्याखाली बसा. चौथं, एकट्याने जाऊ नका. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही मंडळातले सात-आठ जण जातो. डबे बरोबर असतात. चित्र जमलं नाही तर पोहे तरी जमलेले असतात.

यातून मला काय मिळालं, हे शेवटी सांगते. पासपोर्ट बदलून मला बरीच वर्षं झाली. पण 'तुमचं गाव कोणतं' असं कुणी विचारलं, की तोंडातून गिरगाव यायचं आणि शिकागो हे नुसतं पत्त्यापुरतं असायचं. आता अॅडम्स स्ट्रीटच्या कोपऱ्यांवरून जाताना मला कठडे, जिने, खिडक्या ओळखीच्या वाटतात. कागदाकडे कमी आणि तांब्याकडे जास्त बघितल्याचा हा परिणाम. आपण ज्या गावाकडे नीट बघतो, ते आपलं होतं. गिरगाव त्यामुळे कमी झालं नाही. उलट मागच्या डिसेंबरात मुंबईला गेले, तेव्हा आमच्या शेजारच्या गल्लीत अजून उभ्या असलेल्या एका चाळीसमोर बसले आणि काढली. कठड्याला उभे गज होते. ते चित्र त्या भिंतीवर अगदी उजवीकडे आहे.

आता मुद्द्याचं. आजच्या निधीतला एक भाग महाराष्ट्रातल्या खेड्यांमधल्या शाळांना चित्रकलेचं साहित्य द्यायला जाणार आहे. कागद, रंग, ब्रश, बोर्ड. इलेमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसू बघणारी मुलं आजही आहेत आणि त्यातल्या कित्येकांकडे रंगपेटी नाही. त्यातली बहुतेक मुलं चित्रकार होणार नाहीत. माझ्यासारखी हिशेब करतील, शेती करतील, दुकानं चालवतील. पण वयाच्या बाराव्या वर्षी कुणीतरी त्यांना तांब्याकडे बघायला शिकवलेलं असेल. ते शिक्षण पंचेचाळीस वर्षं पेटीत पडून राहिलं तरी गंजत नाही, याची साक्ष मी स्वतः तुमच्यासमोर उभी राहून देते आहे.

तेव्हा मंडळी, जेवणाला अजून पाऊण तास आहे. चित्रं बघा, आवडलं तर घ्या. नाही आवडलं तर नुसता चेक द्या, माझी काही हरकत नाही! आणि उद्या रविवार आहे. घराच्या खिडकीतून समोर जे दिसतं, ते दहा मिनिटं बघा आणि काढा. ते अजून तिथे आहे.